सुमन टीचरची खळ

आमच्या गावात कुणी काही उकिरड्यावर टाकायला निघालं की सुमन टीचर वाटेत आडव्या येत. "वैनी, फेकाचं असंल तर पयले मले दाखवा." मग फाटकं पोतं, लग्नाच्या जुन्या पत्रिका, खताच्या रिकाम्या पिशव्या, सगळं त्यांच्या काखेत. माझ्या हातातलं फुटकं सूप त्यांनी असंच नेलं, आणि पुढच्या रविवारी ते एका पोराच्या पाठीवर कासव होऊन रांगत होतं.

गाव आमचं वांकिडीकडचं, मराठी शाळा दोन खोल्यांची. टीचर तिथं शिकवायच्या आणि रविवारी शाळेच्याच ओसरीवर पोरं जमवून सोंगं बसवायच्या. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. ज्वारीच्या धांड्याचे चष्मे, पळसाच्या पानांचे मुकुट, कापसाच्या दाढ्या, हळद आणि काजळी फासलेल्या पोत्याचा वाघ. माझी वंदी तेव्हा सहा वर्षांची. तिला तहसीलदार केलं होतं एकदा. धांड्याचा चष्मा नाकावर, पुठ्ठ्याची टोपी, आणि समोरच्या पोराला म्हणते कशी, "दरखास्त इथं ठेव. साहेब जेवून राह्यले. उद्या ये." माझे मालक स्वतः त्या कचेरीत हेलपाटे घालून आलेले. ते हसून हसून खाली बसले.

मी म्हटलं, "टीचर, पोरीले काय काय शिकवता हो."

"मी कायले शिकवू वैनी, घरी ऐकते ते बोलते ते. सोंग घेतलं की लेकरू खरं बोलते."

आता पुढचं सांगायला जड जातं, पण सांगते.

टीचर बौद्ध. त्यांचे वडील आमच्या वावरात कापूस वेचायला यायचे. पुढं मुलगी शिकली, टीचर झाली, आम्ही सगळे त्यांना अहोजाहो करायचो. आपण फार सुधारलो असं मला वाटायचं. आणि एका रविवारी वंदी बोटं चाटत घरी आली.

"काय खाल्लं गं?"

"टीचरची खळ. आंबिलीसारखी लागते."

कागद चिकटवायला टीचर घरून ज्वारीच्या पिठाची खळ शिजवून आणायच्या. शिजलेलं पीठ, त्यांच्या चुलीवरचं. मी वंदीला मोरीवर नेलं आणि तीन वेळा चूळ भरायला लावली. पोरगी रडली. सासूबाईंच्या धाकानं केलं, असं मी कितीतरी वर्षं लोकांना सांगत आले. सासूबाई त्या दिवशी बाजारहत्नूरला लेकीकडं होत्या. घरात मी एकटीच होते.

पुढच्या रविवारी मी घरी खळ शिजवली आणि वाटी वंदीच्या हातात दिली. "टीचरले सांग, आमची खळ जास्त चिकट असते." सहा वर्षांचं लेकरू, त्याला कुठलं खोटं पेलायला. तिनं ओसरीवर सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "तुमच्या घरचं शिजलेलं आमाले चालत नाही म्हणते आई."

टीचर काय म्हणाल्या, तेही वंदीनंच येऊन सांगितलं. "बरं झालं वंदे, माह्या खळीले मुंग्या लागून राह्यल्या होत्या." आणि आमच्या वाटीतल्या खळीनं तिच्या सोंगाचे कागदी पंख चिकटवून दिले.

त्यानंतर त्या ओसरीवर खळ दिसली नाही. मुकुट बाभळीच्या काट्यांनी टाचलेले, टोप्या सुतळीनं शिवलेल्या. शनिवारी शाळा सुटली की टीचर पायरीवर बसून दाभणानं पुठ्ठ्यांना भोकं पाडत बसायच्या. गावातल्या बाया म्हणायच्या, आता सोंगं टिकाऊ झाली. वंदी एकदा म्हणाली, "आई, टीचरच्या बोटांले चिंध्या काऊन बांधल्या हायेत?"

"शिवाची सवय नसंल," मी म्हटलं. मला सगळं ठाऊक होतं.

एकदा जाऊन चुकलं म्हणावं, असं रोज वाटायचं. त्या समोर आल्या की मी भाजीपाल्याचं, पाण्यापावसाचं बोलायची. अशी चार वर्षं गेली आणि टीचरची बदली झाली मावल्याकडं.

निघायच्या सकाळी मी त्यांच्या घरी गेले. उंबरा ओलांडून आत जाण्याची ती पहिलीच वेळ. सामान पोत्यांत भरून झालं होतं.

"वैनी, तुमी?" त्यांनी पदरानं पेटी पुसली. "बसा ना."

बसले. मनाशी ठरवलं होतं, तोंडानं नाही जमलं तर निदान त्यांच्या घरचं काहीतरी पोटात घालायचं, म्हणजे त्यांना कळेल.

"टीचर, पाणी द्या."

त्यांनी माठातून स्टीलच्या गिलासात पाणी आणून दिलं. मी मान मागं केली, गिलास उंच धरला आणि वरून धार तोंडात सोडली. हात आपोआप गेला हो. अर्धं पाणी पोटात गेल्यावर ध्यानात आलं मी काय करते आहे, पण तेव्हा गिलास खाली घेऊन ओठाला लावायचं धाडसही झालं नाही.

"आणखी देऊ?" टीचर म्हणाल्या.

"नको."

त्यांनी गिलास घेतला, उरलेलं पाणी दारातल्या तुळशीसारख्या कसल्याशा रोपाला घातलं आणि गिलास तसाच पोत्यात ठेवून तोंड बांधलं. विसळायची गरजच नव्हती त्याला.