चीवर नेसलेला आंबा

खामएई आजीला प्रश्न पडायचे. तेही भलत्या वेळी, भलत्या ठिकाणी आणि चारचौघांत. मी तिची शेजारीण, चाळीस वर्षं हे सोसलंय, म्हणून हक्कानं सांगते.

ती लाल मुंग्यांची अंडी काढायची. बांबूच्या टोकाला टोपली बांधायची, ती मुंग्यांच्या पानांच्या घरट्यात खुपसून हलवायची आणि अंडी टोपलीत झाडून घ्यायची. आमच्या नान प्रांताच्या डोंगरांत उन्हाळ्यात त्या अंड्यांच्या आमटीशिवाय भात उतरत नाही घशाखाली. तिचं लाडकं झाड म्हणजे झऱ्यावरचा जुना रानआंबा. अडुसष्टाव्या वर्षीही बाई पहिल्या फांदीपर्यंत सरसर चढायची. "पडशील गं!" म्हटलं, की वरून उत्तर यायचं, "पडले तर तुझ्याच अंगावर पडेन, मऊ आहेस."

तिला एकच मुलगा, इन्तोन. विसाव्या वर्षी आमच्याकडची सगळीच पोरं आईच्या पुण्यासाठी भिक्खूचं चीवर घेतात, फार तर तीन महिन्यांनी उतरवतात आणि लग्नाला उभी राहतात. हा पठ्ठ्या तिकडेच रमला. भिक्खूला बाईनं शिवायचं नाही, मग ती जन्म देणारी का असेना. काही द्यायचं झालं, की तो पुढ्यात फडकं पसरणार, ती त्यावर ठेवणार, मग तो उचलणार. बावीस वर्षं हेच. एकदा मिरच्या निवडता निवडता ती म्हणाली, "पुण्य मिळालं गं, पण पोराच्या डोक्यावरून हात फिरवायचा राहून गेला." मी तिच्या वाटणीच्याही मिरच्या निवडल्या.

मग रान तोडून मका लावायचं वेड आलं. डोंगरच्या डोंगर बोडके झाले आणि झऱ्याची धार करंगळीएवढी उरली. एक कंत्राटदार झऱ्याजवळची जागाही मागायला लागला. तेव्हा भन्ते इन्तोननी ठरवलं, आंब्यालाच चीवर द्यायचं. चीवर नेसलेल्या झाडाला कोण हात लावेल?

सगळा गाव जमला. पवित्र सूत गुंडाळलं, सुत्तं म्हटली. भन्ते बुंध्याला केशरी वस्त्र बांधायला लागले, तोच मागून आजीचा आवाज आला, "भन्ते, एक विचारू?"

मी तिला चिमटा काढला. ऐकेल तर ना!

"चीवर देण्याआधी प्रत्येकाला विचारता ना, तू माणूस आहेस का म्हणून? मग याला नाही विचारलंत?"

भन्तेंच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "विचारलं असतं, उपासिका. पण हा खरं बोलला, तर चीवर देता यायचं नाही."

गाव खदखदून हसला. आजी मात्र घरी येईपर्यंत विचारात. "उत्तर दिलं, का टाळलं गं?"

आता माझी चूक सांगते. दुसऱ्या दिवशी पाण्याला जाताना मीच बायकांना म्हणाले, "अगं, आता आंबाही भिक्खू झाला. आपण शिवायचं कसं?" झालं! सगळ्यांना पटलं. झऱ्याची वाट आंब्याच्या मुळांवरून जायची, ती सोडून आम्ही काट्यांतून वळसा घालायला लागलो. आजीनं टोपली खुंटीला टांगली ती टांगलीच. अंड्यांचा अख्खा हंगाम हातचा गेला. रोज सकाळी ती चार पावलांवर उभी राहून आंब्याकडे बघायची.

"आधी पोरगा नेला," ती म्हणाली, "आता आंबा."

"मग विचार की भन्तेंना, शिवायचं का नाही ते! एरवी तर जीभ आवरत नाही तुझी."

"आणि नाही म्हणाले तर?"

जन्मभरात तेवढा एक प्रश्न तिनं विचारला नाही.

आणि एका सकाळी यंत्राची करवत घेऊन दोघं आले. एक कंत्राटदाराचा मुकादम, दुसरा तानोंग नावाचा करवतवाला. आम्ही पाणी भरत होतो. एकीला मी विहाराकडे पळवलं. आजी नेहमीच्या जागी उभी होती. तिनं तानोंगला विचारलं, "बाळा, तू चीवर घेतलं होतंस का कधी?"

"घेतलं होतं की. आईसाठी. पंधरा दिवस."

"उतरवलंस कसं?"

"परवानगी मागितली. आता भिक्खू राहत नाही, असं तोंडानं म्हणावं लागतं."

"मग यालाही तसं म्हणायला लाव. म्हणाला, की काप."

तानोंग गोंधळून आंब्याकडे बघत राहिला. मुकादम भडकला, "काय पोरखेळ लावलाय! झाड आहे ते, म्हातारे!" त्यानं करवत हिसकावली आणि सुरू केली.

आजी ती चार पावलं धावली आणि आंब्याला मिठी मारली.

"अगं आजी, शिवलीस!" मी किंचाळले. आग लागो माझ्या तोंडाला, त्या वेळी मला तेवढंच सुचलं.

तानोंगनं मुकादमाच्या हातून करवत घेतली, बंद केली आणि जमिनीवर ठेवली. "साहेब, माझ्याच्यानं हे व्हायचं नाही." मुकादम एकटाच पाय आपटत, परत येण्याच्या धमक्या देत गेला.

भन्ते धापा टाकत पोहोचले, तेव्हाही आजी तशीच बिलगलेली. गाल ओले. "भन्ते, पाप झालं. बाईचा हात लागला याला."

"कुणी सांगितलं पाप म्हणून?"

सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं.

"चीवर माणसांना आठवण राहावी म्हणून बांधलंय," भन्ते म्हणाले. "आंबा आंबाच आहे. त्याला शिवायला कुणालाच बंदी नाही. तुम्हाला नाही," त्यांनी खांद्यावरचं चीवर सावरलं, "आणि मलाही नाही."

ते बुंध्याच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि त्यांनी तळहात सालीवर टेकवला. आजीनं मान उचलून बघितलं, मग गाल पुन्हा बुंध्याला लावला. मध्ये आंबा आणि दोन्हीकडे मायलेक.

हंगामभर कुणी अंडी काढली नव्हती, मुंग्या माजल्या होत्या. तिच्या दंडांवर चढल्या, भन्तेंच्या मनगटावर चढल्या, कडकडून चावत होत्या. दोघांपैकी कुणीही हात काढला नाही.