काडीवरचे लाडू

चांगला फुललेला केक ओव्हनमधून काढायचा, गार होऊ द्यायचा आणि मग हाताने कुस्करून त्याचा भुगा करायचा, हे माझ्या आईला आजतागायत पटलेलं नाही. "मोडायचाच हुता तर केलास कशाला?" असं तिने विचारलं. केक पॉप असेच करतात. भुग्यात थोडं क्रीम घालून मळायचं, लिंबाएवढे गोळे वळायचे, गोळ्यात काडी खुपसायची आणि वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटमध्ये बुडवून वाळवायचं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि "म्हंजी काडीवरचा लाडू" म्हणून विषय संपवला.

मी लोणावळ्यात राहते आणि घरून केक करते. इथल्या बंगल्यांत सुट्टीला उतरणाऱ्या लोकांचे वाढदिवस इतके असतात की माणसं जन्माला यायला इथेच येतात की काय, असं मला वाटतं. आई तिकोणा पेठेच्या बाजूला गावातच असायची. काचबिंदूने दोन्ही डोळे गेल्यावर मी तिला घेऊन आले. तिला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. डोळ्यांचं तिने फारसं मनावर घेतलं नाही, पण एका गोष्टीचा तिला भयंकर राग येतो. सगळं तिला मागाहून कळतं. लग्नात कुणीतरी काहीतरी करतं, अख्खा मांडव हसतो आणि ही शेजारणीला "काय झालं गं, काय झालं" विचारत राहते. शेजारीण डोळे पुसत "थांबा, सांगते" म्हणते, आणि ती सांगेपर्यंत सगळ्यांचं हसू संपलेलं असतं.

माझा धाकटा भाऊ आणि भावजय परदेशात असतात. दिवाळीनंतर दोघं आली तेव्हा तिला पाचवा महिना संपत आला होता. तिकडे सोनोग्राफीत मुलगा की मुलगी ते सरळ सांगतात. या दोघांनी मात्र ते ऐकून घेतलंच नव्हतं. तिच्याबरोबर गेलेल्या मैत्रिणीला तेवढं ठाऊक होतं. मैत्रिणीने ते मला फोनवर सांगायचं, मी त्या रंगाचा केक करायचा, आणि पार्टीत सगळ्यांनी एकदम घास घेतला की आतला रंग बघून आई-बापालाही तेव्हाच कळायचं, असा बेत होता. गुलाबी निघाला तर मुलगी, निळा निघाला तर मुलगा. मी दवाखान्यांत ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी वाचत मोठी झालेली बाई. मैत्रिणीचा फोन आला तेव्हा मी खोलीचं दार लावून घेतलं आणि कुजबुजत बोलले. बाहेर आले तर आईने विचारलंच, "पोलीस न्हाई ना यायचे?"

तिला यात नवल वाटलं नाही, कारण हा खेळ आमच्याकडेही आहे. डोहाळजेवणात दोन वाट्या उपड्या घालतात, एकीखाली पेढा आणि एकीखाली बर्फी. गर्भारशीने त्यातली एक उचलायची. पेढा निघाला तर मुलगा, आणि बायका टाळ्या पिटतात. बर्फी निघाली तर मुलगी, आणि बायका "लक्ष्मी गं, लक्ष्मी" म्हणतात, जरा सावकाशीने. माझ्या वेळी आजीने दोन्ही वाट्यांखाली पेढेच ठेवले होते, असं आई सांगते. तरीही मी झाले.

पार्टी संध्याकाळी होती. सकाळी मी गुलाबी केकचा भुगा परातीत घेतला आणि आई माझ्यासमोर मांडी ठोकून बसली. गावात कुणाच्याही लग्नात बुंदी वळायला तिला बोलावणं असायचं, तेव्हा इथे ती मागे राहणं शक्यच नव्हतं. मी हातमोजे दिले तर तिने ते बाजूला टाकले. "पिशवीत हात घालून लाडू वळत्यात व्हय?" मग ती वळायला लागली, आणि इतके घट्ट वळायला लागली की पहिले चार चॉकलेटमध्ये बुडवून ठेवले तर सुकता सुकता कवच तडकलं आणि आतला गुलाबी रंग बाहेर डोकावला. मी वैतागले. "अगं, हलक्या हाताने. हे प्रवासाला न्यायचे लाडू नाहीत." ती म्हणाली, "मग आदी सांगायचं." त्यानंतरचे बरे झाले. मिक्सरच्या खोक्यातला थर्माकोल मी जपून ठेवला होता, त्यात काड्या खोचून एकेक उभा करत गेले.

एक गंमत माझ्या तेव्हाच लक्षात आली. सगळ्यांना हवं असलेलं उत्तर आईच्या दोन्ही हातांत होतं आणि तिला ते दिसत नव्हतं. मला राहवेना. मी विचारलं, "सांगू का तुला?"

"नगं," ती म्हणाली. "आदी नगं आन मागनं बी नगं. सगळ्यांसंगं कळू दे."

थोडे गोळे झाल्यावर ती पुन्हा बोलली. "पोरगी असली ना, तर म्या वरडनार हाय. आत्ताच सांगून ठिवते."

"ओरडणार म्हणजे?"

"म्हंजी वरडनार. पोरगी हाय, पोरगी हाय, असं. तू झालीस तवाच वरडायचं हुतं. लय आनंद झालता मला. तुजी आजी म्हनली, गप पड, एवढं काय झालंय. मग पडले गप."

"आणि मुलगा असला तर?"

"तवा वरडायला लय जन असत्यात."

हे मला माहीत होतं. भाऊ झाला तेव्हा वडिलांनी दारात फटाक्यांची माळ लावली होती आणि मी घाबरून गोठ्यात जाऊन बसले होते. पण आईला माझ्या वेळी ओरडायचं होतं, हे ती मला पहिल्यांदाच सांगत होती, तेही हातातला गोळा फिरवत, मान न उचलता. आई, मुलगीच आहे, ओरड, आत्ता ओरड, असं ओठांवर आलं होतं. मी चॉकलेटचा एक तुकडा तोंडात कोंबला. संध्याकाळी ती ओरडेल तेव्हा मी शेजारी असेन, या विचाराने मला आतापासूनच आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

पार्टीत गाणी लावणार होते, तेव्हा तिच्या कानात सांगून काही उपयोग नव्हता. मी तिला म्हटलं, "मी तुझ्या शेजारीच बसते. मुलगी असली तर तुझा हात दाबीन."

"आन पोरगा असला तर?"

"तर नाही दाबणार."

"बरं हाय. सोपं हाय."

तेवढ्यात खाली गाडी वाजली. भाऊ फुग्यांची खोकी न्यायला आला होता. मी थर्माकोलवर चादर टाकली आणि आईकडे पाहिलं, तर तिचे दोन्ही तळहात गडद गुलाबी. तिला ओढतच मोरीत नेलं, लिंबू चोळलं, साबण लावला. "रंग लागलाय व्हय? जाऊ दे, झाकते," म्हणत ती हसत सुटली. वरवरचा रंग गेला, रेघांतला काही गेला नाही. भाऊ पाया पडायला वाकला तेव्हा तिने मूठ वळूनच त्याच्या डोक्यावर ठेवली. "आई, मारतेस का काय," तो म्हणाला. ती आणखीच हसली. इतकी खुशीत मी तिला फार दिवसांत पाहिली नव्हती.

बंगला तुंगार्लीच्या बाजूला भाड्याने घेतला होता. हिरवळीवर निम्म्या गुलाबी आणि निम्म्या निळ्या फुग्यांची कमान, पुण्याहून आलेली भावाची मित्रमंडळी, गावाहून जीपने आलेले आमचे लोक. आई ठेवणीतलं लुगडं नेसून, दोन्ही मुठी मांडीवर मिटून, टेबलाजवळच्या खुर्चीत बसली होती. तिच्या शेजारची खुर्ची मी पर्स ठेवून धरली होती. सगळ्यांना एकेक काडी वाटून झाली. आईच्या हातात तिची काडी देऊन मी शेजारी टेकले.

व्हिडिओ घेणारा भावाचा मित्र नेमका कुणाची तरी गाडी आत घ्यायला फाटकापाशी गेला होता. भावजय कमानीखालून ओरडली, "ताई, व्हिडिओ तुम्ही घ्या ना, पटकन!" मी आईला "आलेच हं" म्हटलं, पर्स उचलली आणि गेले. मला वाटलं, तो येईल, मी फोन त्याच्याकडे देईन आणि परत बसेन. पण भावाला दम कुठला? त्याने मोजायला सुरुवातच केली. तीन, दोन, एक.

सगळ्यांनी एकदम घास घेतला आणि एकदम गलका उठला. स्पीकर फुटेल एवढं मोठं गाणं सुरू झालं. भाऊ हातातला अर्धा केक पॉप बघत गवतावर बसकण मारून रडायला लागला. भावजय उड्या मारायला लागली आणि आमची एक मावशी "अगं, उडू नगंस, पोटुशी हायेस" म्हणत तिच्यामागे धावली. मी हसत होते आणि सगळं टिपत होते. मग मी फोन टेबलाकडे वळवला. खोटं कशाला बोलू, मला माझ्याच कामाचा अभिमान वाटत होता. एक पॉप अर्धा कापून जवळून घेतला, पुढे जाहिरातीला उपयोगी पडेल म्हणून. दोघी बायका आल्या, त्यांनी माझा नंबर मागितला, बारशाला असंच करून द्याल का म्हणाल्या. मी नंबर दिला. साखर कमी घालता येईल का, तेही सांगितलं.

मग मला आई आठवली.

ती जागेवरच होती. काडीवर अर्धा घास उरला होता आणि चेहऱ्यावर पाहुण्यांसमोर ठेवतात तसं हसू होतं. माझी चाहूल लागल्यावर म्हणाली, "झालं का? बरं झालं. पोरगा हाय, सुखरूप यिऊ दे म्हंजी झालं."

"आई, मुलगी आहे."

ती चावायची थांबली.

"मग हात का न्हाई दाबलास?"

मी व्हिडिओचं सांगितलं. मित्राचं, गाडीचं, भावाच्या घाईचं सांगितलं. ती मान हलवत होती. "म्या वाट बघितली जरा," ती म्हणाली. "मग म्हनलं, एवढा गलका हाय म्हंजी पोरगाच असनार."

"ओरड ना आता," मी म्हणाले. "सगळे इथेच आहेत अजून."

तिने कानोसा घेतला. गाणं बंद झालं होतं. लोक ताटं घेऊन रांगेत उभे होते, कुणीतरी रस्सा तिखट आहे का विचारत होतं. "आता जेवत्यात सगळी," ती म्हणाली. "उगं दचकतील." आणि उरलेला घास संपवून, "पोरीसाटी वरडली व्हय एवढी? बरं दिस आलं."

त्या रात्री घरी येताना मी सगळ्यांवर चिडले होते. भावावर, त्याच्या मित्रावर, भावजयीवर. आईवरसुद्धा, की शेजारच्या कुणाला विचारलं का नाही. पण शेजारी कुणी नव्हतं, तिथे माझी रिकामी खुर्ची होती. पुढे मी एकदोनदा विषय काढला तर तिने झटकून टाकला. "एवढं काय झालंय," म्हणाली. हे आजीचे शब्द, ते तिच्याही लक्षात आलं असणार, कारण ती लगेच उठून गॅलरीत गेली.

चैत्रात तिकडे मुलगी झाली. सकाळीच भावाचा फोन आला, मी स्पीकर लावला, तो "आई, मुलगी, मुलगी" म्हणून ओरडत होता. मी धावत जाऊन तिचा हात धरला आणि जोरात दाबला. "ऐकू येतंय गं मला," ती म्हणाली. पण हात तिने काढून घेतला नाही. फोनवर तिने बाळाचं वजन विचारलं, सुनेला खायला काय देतोस विचारलं आणि सुखी राहा म्हणाली, नेहमीच्या आवाजात. तिकडे ओरडायला लोक होते.

तो व्हिडिओ अजून माझ्या फोनमध्ये आहे. भावाने तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला, त्यावरून मला कामंही मिळाली. त्यात भावाचं रडणं ऐकू येतं, मावशीची हाकाटी ऐकू येते, सगळ्यांत जवळून माझं हसणं ऐकू येतं. फोन कमानीवरून टेबलाकडे वळताना कडेला आई दिसते. इतका वेळ मिटलेली एक मूठ तिने उघडली आहे आणि तो हात माझ्या खुर्चीवर ठेवला आहे, तळवा वर करून. रेघांतला गुलाबी रंग नीट दिसतो. तोंड खुर्चीकडे वळवून, ओठ किंचित उघडून, ती थांबली आहे. मग फोन पुढे सरकतो आणि टेबलावरचा केक पॉप येतो, जवळून, अर्धा कापलेला, कुठेही तडा नसलेला.