उष्टी दोरी

बाप तापानं गेला पावसाळा सरता सरता, आणि माझा नवरा त्याच्या पुढच्या साली. ठाण्याच्या खाडीला आमचं मिठागर. आमचं म्हंजे शेठचं, आमी राबणारे. बांधावर एक खोपट, त्यात मी आणि माझी धाकटी बहीण. भरतीचं पाणी आत घ्यायचं, कोंडायचं, उन्हानं आटवायचं, मग फळीनं मीठ ओढायचं. पायाला भेगा पडायच्या आणि भेगांत मीठ जायचं. त्याचं काय सांगायचं, सगळ्यांच्याच पायांना पडायच्या.

डोक्यात एकच होतं, बहिणीचं लग्न. कल्याणपलीकडच्या मोहने गावातलं घर. साखरपुडा झालेला. मुलगा रेल्वेच्या रुळांच्या कामावर, अंगानं दणकट, दारू नाय. तुळशीचं लग्न झालं की यांचं लावायचं ठरलेलं, कारण पुढं त्याला घाटावर कामाला धाडणार होते. तो एकदा वर गेला असता तर परत कधी आला असता, कोण सांगणार. आणि बांधावरच्या खोपटात जवान पोर किती दिवस ठेवायची?

त्याच साली पहाटेच्या आभाळात शेंडेनक्षत्र आलं. उगवतीला, पाण्याच्या वर, शेपटी वर करून. खराटा उभा करून ठेवावा तसं. मोहन्याहून निरोप आला, "हे आभाळातनं जाईस्तोवर अक्षता नाय पडायच्या." मुलाची आई बोलली म्हंजे बोलली. बाप नव्हता त्याला, घर तिच्या हातात.

शेजारणी मला बोलायच्या, तू तर बघूच नको, तुझं पांढरं कपाळ. मी बोलले, माझं आणखी काय न्यायचं राहिलंय? मी बघायची. भीती वाटायची, पण बघितल्याशिवाय राहवायचं नाय. हे जातं कुठं? जातं का तरी?

असंच एका पहाटे बांधावर दोन माणसं उभी दिसली. एक शाळेचे मास्तर, उपरणं डोक्याला गुंडाळलेले. दुसरे ठाणे टेसनातले रातपाळीचे तारबाबू, राहायला कल्याणला.

मास्तर बोलले, "अगं बाई, इथून उगवती मोकळी दिसते. इथं उभं राहिलो तर चालेल का?"

"राहा की. पन बांध निसरडा हाय, पडाल."

"हे रोज पडतात," तारबाबू बोलले, "बांध नसला तरी."

दोघं रोज यायला लागले. दोघंही काय ज्योतिषी नव्हते. पुस्तकात वाचलेलं, की परदेशात लोक ताऱ्यांची जागा मोजतात, आणि आपणही मोजावी असं त्यांच्या मनानं घेतलेलं. तारबाबूंनी एका तांडेलाकडं गलबतावर एक फळकुट बघितलं, तसं करून आणलं. हातभर लाकडी पट्टी, कडेला सारख्या खाचा, मधे भोक, भोकातनं सुती दोरी; तुटली तर म्हणून तेवढीच दुसरी कापून ठेवलेली. दोरीच्या टोकाला गाठ. गाठ दातात धरायची, फळकुट पुढं ताणायचं, एक टोक व्याधाच्या चांदणीवर ठेवायचं आणि शेंडेनक्षत्र कितव्या खाचेवर येतं ते बघायचं. खाचा कमी झाल्या की ते व्याधाकडं सरकलं, म्हंजे पुढं निघालं; वाढल्या की मागं गेलं.

मी चुलीला जाळ घालता घालता बघत बसायची. एकदा दोघांची जुंपली. मास्तरांच्या खाचा जास्त यायच्या, तारबाबूंच्या कमी. रोजच.

"तुमची नजर गेली आहे, मास्तर."

"आणि तुमची चळली आहे!"

मग तारबाबू माझ्याकडं वळले. "बाई, तू बघ बघू. तिसरा डोळा हवा आम्हाला."

मास्तरांनी दोरी मागं ओढली. कारण गाठ दातात धरायची होती. मी आगरी बाई. आमचं उष्टं ते कसं तोंडात घेणार? तारबाबू तेवढे सोवळ्यातले नव्हते, पण मास्तर पक्के. मास्तरांचं उष्टं तारबाबूंना चालायचं, तरी मास्तर दोरी धुवायलाच लावायचे. शेवटी वाट निघाली. पहिले मास्तर. मग दोरी लोट्यातल्या पाण्यानं धुवायची, मग तारबाबू. परत धुवायची, मग मी. जाताना एकदा धुवून खोपटाच्या खुंटीला टांगायची, दुसऱ्या दिवशी मास्तरांसाठी सुकी.

"आभाळाला सोवळं नसतं हो, मास्तर," तारबाबू बोलले.

"आभाळ मी तोंडात धरत नाही."

मी पहिल्यांदा गाठ दातात धरली. फळकुटाच्या कडेवर व्याध बसवला आणि खाच मोजत गेले. आजवर आभाळ म्हंजे नुसतं वर असलेलं. त्या दिवशी ते हाताला लागलं. माझ्या खाचा तारबाबूंपेक्षाही कमी आल्या. तिघांचे तीन आकडे, पण तिघांचेही दिवसागणिक कमी होत चाललेले. म्हंजे ते सरकत होतं. मी मोहन्याला निरोप धाडला, नक्षत्र चाललंय, तयारीला लागा.

मग उधाणाची भरती आली आणि बांध फुटला. मी आणि बहीण कमरेइतक्या चिखलात उभ्या राहून माती लावत होतो, तीन पहाटा आभाळाकडं मान वर झाली नाय. मास्तर तापानं पडलेले. तारबाबू एकटेच येऊन मोजून गेले, आणि जे मोजलं ते कल्याण टेसनात सांगून बसले. शेंडेनक्षत्र मागं फिरलं!

अशी बातमी आगगाडीच्याही पुढं धावते. बांध लागतोय न लागतोय तोच मोहन्याचा माणूस दारात. "नक्षत्र उलटं फिरलं. पोराची आय बोलली, सोयरीक नको."

बहीण मागं वळली. हातातली माती तशीच, आत जाऊन बसली.

दुसऱ्या पहाटे तारबाबू आले तसं मी उभंच केलं त्यांना. "खरं हाय ते?"

"माझ्या डोळ्यांनी मोजलं, बाई. खाचा वाढल्या. खोटं कशाला सांगू?"

त्यांचंही तोंड उतरलेलं. मास्तर त्या दिवशी घोंगडी पांघरून, काठी टेकत आले होते. सगळं ऐकलं. मग बोलले, "शेंडेनक्षत्र हललं की आपण हललो, हे कसं कळायचं? जे हलतच नाही ते मोजू आधी."

व्याध आणि मृगाच्या पोटातला बाण. हे दोघं माझ्या आजीच्या वेळेपासून तिथंच. मास्तरांनी मोजलं. दोरी धुतली, तारबाबूंनी मोजलं. धुतली, मी मोजलं. मास्तरांच्या जास्त, तारबाबूंच्या कमी, माझ्या आणखी कमी.

"बाण तर हलला नाही," मास्तर बोलले.

"मग डोळ्यांचाच फरक," तारबाबू बोलले.

"उद्या उलटं करू. पहिली ही," मास्तर बोलले.

दुसऱ्या पहाटे सुकी दोरी माझ्या हातात. मास्तरांनी तोंड फिरवलं, पण नको बोलले नाय. शेवटी त्यांनी ती चांगली तीनदा धुतली आणि डोळे मिटून दातात धरली. तर काय! माझ्या खाचा सगळ्यांत जास्त आणि मास्तरांच्या सगळ्यांत कमी. माणसं तीच. डोळे तेच. बदलला होता तो फक्त नंबर.

तिघं फळकुटाकडं बघत राहिलो. मास्तरांच्या दाढीवरनं दोरीचं पाणी ठिबकत होतं. तारबाबूंनी दोरी घेतली, खुंटीवरच्या त्या दुसऱ्या सुक्या दोरीला लावून बघितली. नवी कापली तेव्हा दोन्ही सारख्या होत्या. आता ओली बोटभर आखूड.

ओली दोरी आखडते, फळकुट डोळ्याजवळ येतं, एकेक खाच जास्त आभाळ झाकते. म्हणून खाचा कमी. तारबाबू नेहमी ओल्या दोरीनं मोजायचे. एकटे आले तेव्हा धुवायला कोणी नव्हतं. सुक्या दोरीनं मोजलं, आणि नक्षत्र मागं गेलं.

मास्तर आधी हसले, मग खोकले, मग परत हसले. "माझं सोवळं आभाळात जाऊन बसलं होतं म्हणायचं."

त्याच दिवशी तारबाबूंनी दोरी काढून टाकली. तिथं बांबूची काठी बसवली. टोक गालाच्या हाडाला टेकवायचं, तोंडाचा संबंध नाय. काठी भिजून आखडत नाय. बाण मोजला, तिघांचं जुळलं. दुसऱ्या पहाटे परत जुळलं. तवा कुठं आमी शेंडेनक्षत्राकडं वळलो. ते जात होतं. आमाला वाटलं होतं त्याहून हळू, कारण दोरी धुण्यागणिक आखडत गेलेली, पण जात होतं.

मी ते फळकुट पदरात गुंडाळून गाडीनं कल्याणला गेले, तिथनं चालत मोहन्याला. मुलाची आई ओटीवर भात पाखडत होती. सूप थांबलं नाय.

"आलीस? तुज्या मास्तराचं आज एक, उद्या दुसरं. मी कशावर इस्वास ठेवू गो?"

"माझ्यावर नका ठेवू, मावशी. तुमी मोजा."

सूप थांबलं. "मी?"

"तुमीच. मी इथंच राहते. चार पहाटा मोजा. आणि पहिलं शेंडेनक्षत्र नाय मोजायचं, व्याध आणि बाण मोजायचा. तो हलला तर काठी मोडून चुलीत घाला, मी गप घरी जाते."

"तोंडात धरायचं ते?"

"नाय. गालाला."

पहाटे मावशी अंगणात उभी राहिली. काठी गालाला, एक डोळा मिटलेला. मुलगा दारात गप उभा. तिनं बाण मोजला, परत मोजला. मला वाटलं, आता शेंडेनक्षत्राकडं वळेल. पण ती परत बाणाकडंच. पहिला दिवस नुसता बाणात गेला. दुसऱ्या दिवशी आपल्या शेजारणीला उठवून तिच्याकडनं मोजून घेतला, मी काय शिकवून ठेवलंय का म्हणून. खाचा त्याच आल्या. मग शेंडेनक्षत्र. पुढच्या पहाटे परत. आणि त्याच्या पुढच्या.

चौथ्या दिवशी तिनं काठी खाली घेतली. गालावर टोकाचा वळ उठलेला.

"जातंय गो," ती बोलली. आवाज निराळाच होता. लग्नाचं विसरलीच होती बहुतेक. "आनि शेपटीपन फिकी झाली. तू बघितलंस?"

"बघितलं, मावशी."

"जाऊन कुठं ऱ्हातं?"

"ते मास्तरांनापण ठावूक नाय."

ती बराच वेळ आभाळाकडं बघत राहिली. मग मुलाला हाक मारली, "जा रे, भटाला इचारून ये, जवळचा मुहूर्त कुठला ते." माझ्याकडं वळून बोलली, "पोरीला पाठव. आनि ही काठी हितंच ऱ्हाऊ दे."

लग्न झालं तेव्हा शेंडेनक्षत्र पहाटे नीट बघितलं तरच दिसायचं. फळकुट मोहन्यालाच राहिलं. तारबाबूंनी आमच्यासाठी दुसरं केलं. मास्तरांनी त्याच्यावर माझ्या हातानं बाण काढून घेतला, आणि खाली माझं नाव लिहायला शिकवलं. मला लिहिता येतं ते तेवढंच.