तार तुटली की थांबणारा गडी

कोसाकाका फोनवरच्या लढाईच्या खेळात समोरच्याला गोळी घालण्याआधी "माफ करजो बाप्पा" म्हणत. तेवढ्यात समोरचा त्यांनाच घालून मोकळा होई. त्यांचा माइक कायम सुरू असे, आणि मागून हातमागाचा खटखट आवाज आम्हाला कानात ऐकू येई.

काका मोहाडीकडचे कोष्टी, कोसा म्हणजे टसर रेशीम विणणारे, साठी ओलांडलेले. लाखनीला माझं मोबाइलच्या सामानाचं दुकान. काच बदलायला आले आणि समोरच्या पोरांचा खेळ पाहून म्हणाले, "मले बी शिकव ना, बाबू." मी शिकवलं. चौघांच्या आमच्या संघात काका, मी आणि माझे दोन मित्र, असा रोज दुपारी डाव सुरू झाला.

नेम त्यांचा यथातथाच. पण या खेळात पडलेल्या गड्याजवळ वेळेत कोणी पोचलं तर तो पुन्हा उठतो, आणि काका पोचतच. गोळ्या चालू असताना रांगत यायचे. मी ओरडायचो, "काका, मरान ना!" ते म्हणत, "मरू दे. पडेल मानसाले टाकून जाचं नाई."

एकच खोड होती. ऐन डावात मागून काकूंचा आवाज येई, "अजी, तार तुटली!" तेव्हा मागावर काकू बसत, पण त्यांना बारीक दिसत नव्हतं, कोशाचा तुटलेला धागा जोडायचा तर काकाच हवे. फोन तसाच ठेवून ते उठत, आणि खेळातले काका भर मैदानात पुतळ्यासारखे उभे. आम्ही हरायचो. परत आले की म्हणत, "डाव दुसरा मांडता येते रे, मागावरचा ताना नाई मांडता येत." ताना म्हणजे विणीचे उभे धागे. आम्ही हसायचो. आधी मनापासून, मग तोंडदेखलं.

त्या वर्षी साकोलीला एका मंडळानं या खेळाची स्पर्धा ठेवली. मला जिंकायचं होतं. काकांच्या जागी एक चपळ गडी मिळत होता. "काका, या खेपेला तुम्ही नको," एवढंच म्हणायचं होतं. माझ्याच्यानं ते झालं नाही. तोंडावर बोलणं मला आजवर जमलेलं नाही.

त्या खेळात प्रत्येकाच्या नावापुढे वागणुकीचे गुण असतात. सोबत्यांनी तक्रार केली की ते कापले जातात. फार कमी झाले की संघाच्या डावात घेत नाहीत. आम्ही तिघांनी आठवडाभर तक्रारी केल्या : मुद्दाम उभा राहतो, संघाला हरवतो. पहिली माझी. त्यांचं बोलावणं येत राहू नये म्हणून मी त्यांना खेळात ब्लॉकही केलं. ते का उभे राहतात, हे मला पक्कं ठाऊक होतं.

चार दिवसांनी काका एसटीनं दुकानात आले. फोन कोशाच्या तुकड्यात गुंडाळलेला.

"बाबू, मी कोनाले शिवी नाई देली. मंग माये गुन काहून कापले? खेळ मले आत घेऊनच नाई राहिला. पाय बरं."

मी पाहिल्यासारखं केलं. म्हटलं, "कंपनीचा घोळ आहे, काका."

"मंग तू लिव ना त्याईले, का मानूस बरा आहे म्हनून. तुले येते लिवता."

"लिहितो," मी म्हणालो. चहा पाजला. ते निर्धास्त गेले.

स्पर्धेत आम्ही पहिल्याच डावात बाद झालो. मी पडलो आणि तिघंही माझ्या अंगावरून पुढे पळाले. नंतर दोनदा काकांचा फोन आला, "आलं का रे उत्तर?" दोन्ही वेळा मी म्हटलं, "येईल." तिसरा आला नाही.

ते गेल्याचं मला महिन्याभरानं कळलं. भेटायला गेलो. माग थांबलेला होता. काकू डोळे बारीक करून म्हणाल्या, "तूच का तो लाखनीवाला? बहुत नाव घेत तुयं. म्हनत, माया गडी कंपनीले लिवून राहिला. आलं होतं का मंग उत्तर?"

मी म्हटलं, "आलं, काकू. माणूस बरा होता, असं लिहिलंय."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला. खरं सांगायचं ते तेव्हाच होतं.

खेळातल्या माझ्या ब्लॉकच्या यादीत अजून ते एकच नाव आहे. ते काढायला कितीदा बोट नेलं. पण काढलं तर यादी कोरी दिसेल, आणि मी कोणाचं काही वाईट केलंच नाही, असं होईल.