जलपर्णीचं विरजण

आमच्या मालकांनी फौजेत काय काय केलं ते त्यांनाच ठाऊक, पण पेन्शनीत आल्यावर त्यांनी कृष्णेतल्या जलपर्णीशी लढाई पुकारली. आमच्या मळ्याला लागून नदीचा डोह आहे. तिथे ही जांभळ्या तुऱ्याची बया इतकी माजते की पाणी दिसत नाही, आणि पाण्याच्या मोटारीचं तोंड तुंबतं. त्यात माझ्या गुडघेदुखीपायी म्हशी विकलेल्या, म्हणजे परड्यातला गोबरगॅस उपाशीच. जलपर्णीवरही गॅस होतो, असं मालकांनी मोबाईलवर पाहिलं. झालं! मुळं छाटायची, कडबाकुट्टीतून बारीक करायची, पाण्यात कालवून टाकीत लोटायची, असा सपाटा सुरू झाला. "आता सिलिंडर बंद," असं पारावर जाहीरही करून आले. बाजारात तुरी तसं.

शेगडी नुसती फुसफुसायची. काडीमागून काडी ओढली तरी पेटायची नाही. टाकीला आंबूस वास सुटला. पंगतीत वाढायचं राहून गेलेल्या माणसासारखा मालकांचा चेहरा झाला. मला हसूही यायचं आणि कीवही.

"आवं, ह्ये आंबलंय," मी म्हणाले. "शेणाचा पत्ता न्हाई, नुसता पाला. त्याला विरजण नको व्हय? कुणाच्या तरी चालू टाकीतली शेणाची रबडी आणा."

चालू टाकी वस्तीवर एकच होती, माझ्या थोरल्या जावेची, आक्काची. तिच्या दोन म्हशी होत्या, आणि तिची टाकी आमच्याच गवंड्याने बांधलेली. पण पाण्याच्या पाळीवरून दोन्ही घरं फाटली होती. थोरले दीर वारले तेव्हा सुतकापुरतं जाणं-येणं झालं, मग पुन्हा तेच. आम्ही दोघी एकमेकींना काही सुनवायचो तेही कुत्र्याला बोलल्यासारखं करून.

"मी न्हाई जायचा," मालक म्हणाले. मला मात्र निमित्तच हवं होतं. मी नवी नवरी असताना याच आक्काने माझा हात धरून मला भाकरी थापायला शिकवलं. तिच्याशी न बोलता म्हातारी व्हायचं, हे मला सोसत नव्हतं.

तिन्हीसांजेला तिच्या दारात उभी राहिले. ती देवापुढे दिवा लावत होती.

"आक्का, आमची टाकी आंबलीया. जरा विरजण द्या तुमच्या टाकीतलं."

तिने मान वर केली नाही. "दिवं लागल्यावर विरजण देत न्हाईत."

मी आल्या पावली परतले. टाळायचंच असेल तर माणसाला काहीही पुरतं, असं पुटपुटत घरी भांडी जरा जोरातच आपटली.

सकाळी दारात बादलीची कडी वाजली. बघते तर आक्का. बादलीत काळी दाट रबडी.

"आता उजाडलंय न्हवं? घे," म्हणाली आणि टाकीत ओतून लगेच वळली.

एका बादलीने टाकी ताळ्यावर येत नाही. मालकांनी जलपर्णी टाकणं थांबवलं, आणि आक्का रोज सकाळी येऊ लागली. आधी परड्यातूनच परत जायची. मग ओट्यावर टेकू लागली. मग चहा. मालकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, "सिलिंडरचा हाय न्हवं च्या? तरीच!" मालक पेपरात तोंड खुपसायचे. नवऱ्याचा गॅस एवढ्यात पेटू नये म्हणून देवाला साकडं घालणारी बायको जगात मी एकटीच असेन.

शेवटी पेटला. निळी ज्योत बघून मालक खाडकन ताठ उभे राहिले, सॅल्यूट तेवढा राहिला. ओट्यावर धावत जाऊन ओरडले, "वैनी, पेटलं!" परड्यात बादली रिकामी करणारी आक्का तशीच धावत आली. इतक्या वर्षांत ते तिच्याशी पहिल्यांदा बोलले होते. ज्योत डोळे भरून पाहून ती गेली, आणि गडबडीत बादली आमच्याकडेच राहिली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. आता कशाला येईल? मी बादली घासघास घासली. भांडं रिकामं परत देऊ नये, म्हणून नव्या गॅसवर शिरा केला, डबा बादलीत ठेवला आणि तिच्या दारी गेले. आक्काने आत वाकून पाहिलं. "शेणाच्या बादलीत शिरा!" म्हणत पदर तोंडाला लावला. पण 'येत जा' म्हणाली नाही, आणि मी बादली-डबा तिथेच ठेवून परतले.

पुढच्या सकाळी कडी वाजली. बादलीत रबडी, हातात माझा डबा.

"आवं आक्का, टाकी पेटली की. आता रबडी कशाला?"

"मग बादली रिकामी आणू व्हय? आन् भावजी परत पाला कोंबणार, परत आंबणार." तिने डबा माझ्या हातात दिला. आत घट्ट दही होतं. "ह्ये विरजण खायाचं हाय. त्यास्नी सांग, न्हाईतर टाकीत ओततील."

आणि ओट्यावर न थांबता ती सरळ आत गेली, शेगडीजवळचा पाट तिने स्वतःच ओढून घेतला.