चार कोअर आणि एकच आडनाव

हिंगोलीतल्या त्या डॉक्टरवर माझा अजून राग आहे, आणि तो जाणार न्हाई. त्याच्या दवाखान्यातला पेशंटच्या नोंदींचा प्रोग्राम म्या लिहिलेला. सगळ्या नोंदी मेमरीतच ठेवलेल्या, म्हणून चटकन सापडायच्या. पण प्रोग्राम एका वेळी एकच काम करायचा. पेशंट वाढले तसा काउंटरवरचा स्क्रीन अडकायला लागला. मग डॉक्टर साहेबानं मला न विचारता चार कोअरची, म्हणजे एका वेळी चार कामं उरकणारी, नवी कॉम्प्युटर मशीन आणली आणि माझ्यावरच ओरडला, "काहून पळत न्हाई ही?"

"साहेब, एकच कोअर राबून राहिला. बाकीचे तिघं बसून आहेत."

"मग लाव त्यांना कामाला. न्हाई जमलं तर तुझा प्रोग्राम काढून टाकतो. नांदेडहून दुसरा माणूस आणतो."

काढून टाकतो म्हणे! जीव ओतला होता म्या त्यात.

म्या ठरवलं, प्रोग्रामच्या चार कॉप्या चालवायच्या. एकेका कोअरवर एक कॉपी, तिच्याकडं तिच्या वाटणीचे पेशंट, कुणी कुणाच्या वाटेला जायचं न्हाई. वाटणीवरूनच भांडण झालं. दवाखान्यातल्या फायली आडनावानं लावलेल्या, म्हणून साहेब म्हणाला, आडनावानंच वाट. म्या म्हणलं, "आमच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर निम्मी माणसं एकाच आडनावाची असतात. सगळा भार एकाच कॉपीवर येईल." तर म्हणे, "मला शिकवू नको." बरं बाबा, घे. केलं तसं.

बाजाराच्या दिवशी औंढ्याकडच्या तांड्यांवरून जीपा भरून माणसं आली आणि व्हायचं तेच झालं. एक कोअर मरमर मरतोय, तिघं निवांत. लाइन रस्त्यापर्यंत गेली. साहेब बाहेर येऊन सगळ्यांसमोर मला म्हणाला, "तुमच्या तांड्यावाल्यांनीच मशीन तुंबवली." माझंही आडनाव तेच. अंगाचा तिळपापड झाला.

तिथंच बसून वाटणी बदलली. पेशंटचं नाव, बापाचं नाव आणि गाव मिळून एक आकडा काढायचा, त्या आकड्यावरून कॉपी ठरवायची, म्हणजे एकाच आडनावाची माणसंही चारही कॉप्यांत वाटली जातात. सगळे पेशंट नव्यानं वाटले. चारही कोअर कामाला लागले, लाइन सरकायला लागली. साहेब खूश. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बराबर केलंस. राहू दे तुझाच प्रोग्राम."

म्या हात झटकला. "आधी या लाइनीतल्या माणसांची माफी मागा."

तो हसला. लेकराच्या हट्टाला हसावं तसा. म्या पिशवी उचलली. "प्रोग्राम ठेवून घ्या. मी पुन्हा ही पायरी चढणार न्हाई."

दारात आमच्याच तांड्यावरची एक म्हातारी उभी होती. तिनं माझा हात धरला. "काहून चाललास रे लेकरा? आता तर नंबर लवकर येऊन राहिला."