पार्किंगमधली आइस हॉकी

शेजारच्या टॉवरने टेनिसचा कोच ठेवला, म्हणून आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीने थेट आइस हॉकीचा आणला. वर्तकनगरचाच, फौजेत असताना लडाखला वर्षानुवर्षं खेळलेला. बोलताना तोंडावर हात धरायचा. इथे बर्फ कुठला? पार्किंगमध्येच चाकांचे स्केट्स. पहिल्या दिवशी त्याने मुलांना पडायला शिकवलं, तर आम्ही आया धावत गेलो. “सर, पडायचं सोडून बाकी सगळं शिकवा!” मग गाड्यांना डेंट नको म्हणून कमिटीने बॉलऐवजी असते ती रबरी चकतीही बंद केली. वर्षअखेरीला, एकही मॅच न खेळता, प्रत्येक मुलाला मेडल मिळालं. लेकाचं मेडल मिरवत मी विचारलं, “सर, तुम्हाला किती मिळाली?”

त्याने तोंडावरचा हात काढला. पुढचे दोन दात नव्हते.

“एकही नाही, मॅडम. आम्ही मॅचेस खेळायचो.”